पोटखराब्यातला दगड

प्रमोदचा माणचा साडू मॉरिशसला जाऊन आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी प्रमोद माझ्या ओट्यावर येऊन बसला. हातात पेढ्यांचा पुडा होता, त्यावरून काम असणार हे मी ओळखलं.

“गुरुजी, असं एक ठिकाण सांगा, जे साडूला नकाशावर बोट फिरवून बी घावणार न्हाई.”

प्रमोद अडतीस वर्षांपूर्वी कासार आंबोलीच्या शाळेत माझ्याकडे चौथीत होता. अपूर्णांकांत कच्चा, जमिनीच्या व्यवहारात पक्का. आता पौड रस्त्याला त्याच्या बंगल्यांच्या दोन स्कीम आहेत. तिसरी गावाच्या वरच्या अंगाला, त्याच्या सहा एकर कातळावर होणार होती. होळी झाली की पोकलेन येणार, कातळ फोडून खडीला जाणार आणि सपाट जागेवर बंगले उभे राहणार, असं ठरलं होतं.

त्या कातळावर मी निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी गावातली मुलं घेऊन जातो. उन्हाळ्यात तिथे पंखेवाला सरडा निघतो. बोटाएवढा प्राणी, पण नर एखाद्या उंच दगडावर चढून गळ्याखालचा निळा पंखा उघडतो, तेव्हा बारा मुलं श्वास धरून बसतात. बारा मुलांना एकाच वेळी गप्प बसवणं मला शाळेत कधी जमलं नव्हतं.

प्रमोदला हे मी दोनदा सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला होता, “गुरुजी, तेला म्हनावं दुसऱ्या माळावर जा. तेला काय सामानसुमान हाय व्हय?”

म्हणून त्या दिवशी पेढा खाता खाता मला एक कल्पना सुचली. मी त्याला पॅसिफिक महासागरातली ती बेटं सांगितली. समुद्राच्या पोटातून ज्वालामुखीने वर काढलेली, किनाऱ्यापासून हजार किलोमीटर दूर, आणि जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या प्राण्यांची. शाळेत चाळीस वर्षं मी ती फळ्यावर खडूने काढत आलो होतो. नाव लांबलचक आहे, प्रमोदच्या तोंडात ते शेवटपर्यंत बसलं नाही. तो ‘कासवांची बेटं’ म्हणतो, मीही तेच म्हणतो.

माझा हिशेब साधा होता. ज्या मुलाला चौथीत अपूर्णांक येत नाहीत, त्याला ते सहावीत येतात. फक्त समोर योग्य उदाहरण ठेवायचं आणि थांबायचं. हा माणूस तिथे सरडे बघेल, त्यांच्यासाठी राखलेली जमीन बघेल, आणि घरच्या कातळाकडे वेगळ्या नजरेने पाहील.

“पर तितं इंग्रजी कोन बोलनार? तुमीच चला,” प्रमोद म्हणाला. त्याच्या बायकोचं, वृषालीचं तिकीट मला मिळालं. धरणापलीकडे माहेरी जाताना लाँचमध्येसुद्धा तिच्या पोटात ढवळतं. “चारी बाजूंनी पाणी असल्या जाग्याला मी येत न्हाई,” असं तिने एका वाक्यात संपवलं.

आमच्या घरी माझी बायको चाँदबी म्हणाली, “लोकं या वयात देवाचं नाव घेतात, तुम्ही पाली बघायला निघालात.” आमची हजयात्रा आठ वर्षांपूर्वी झालेली, म्हणून ती एवढ्यावरच थांबली. निघताना मी कातळावरचा मुठीएवढा दगड धुऊन मोज्यात गुंडाळून घेतला. आपला दगड त्यांच्या दगडाशेजारी ठेवून बघायचा आणि मुलांना फोटो दाखवायचा, एवढाच हेतू.

चार विमानं बदलून तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. विमानतळावर सामान उघडून तपासलं. त्यांचा सगळा रोख फळं, बिया आणि मातीवर होता. प्रमोदची चारही लिंबं गेली. दगडाकडे कोणी पाहिलं नाही.

धक्क्यावर पहिल्याच बाकावर एक समुद्रसिंह आडवा झोपला होता. माणसं सामान घेऊन शेजारी उभी होती.

“हेला कोन उठवत न्हाई?” प्रमोदने विचारलं.

“नाही. तो आधी आलाय.”

प्रमोदला हे पटलं. रुमाल टाकून जागा धरणं त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काळ्या लाव्हावर समुद्री सरडे पाहिले. शेकडो, एकावर एक, दगडाच्याच रंगाचे. ते पाण्यात उतरून शेवाळ खातात आणि अंगात गेलेलं मीठ नाकातून फवारतात. पहिली फवारणी प्रमोदच्या बुटावर पडली.

“सर्दी झालीया हेला.”

मी मिठाचं समजावलं. त्याने मान डोलावली आणि सरड्याच्या पलीकडे, समुद्राकडे बघत विचारलं, “गुरुजी, सगळी सी-व्ह्यू जागा. एक बी बांधकाम कसं न्हाई? हितं एनए होत न्हाई का?”

आमच्या गाइड मुलीला मी प्रश्न जमेल तसा सांगितला. ती म्हणाली, इथली बहुतेक सगळी जमीन राखीव आहे, कोणालाच बांधता येत नाही.

“म्हंजे ग्रीन झोन,” प्रमोद हळहळला. “लई वाईट झालं बिचाऱ्यांचं.”

त्या मुलीने पहिल्याच दिवशी दोन हात पसरून दाखवलं होतं की कोणत्याही प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. निळ्या पायांच्या एका पक्ष्याशेजारी फोटो काढायला प्रमोद वाकला की ती ओरडायची, “टू मीटर्स!” आठ दिवसांत प्रमोद तेवढं इंग्रजी शिकला.

एका सकाळी मला चुकून आशा वाटली. एक राखाडी पक्षी चालत आला आणि प्रमोदच्या बुटाची नाडी ओढू लागला. दोन मीटर पक्ष्याने मोडले होते, त्यामुळे प्रमोदचा नाइलाज होता. तो जागच्या जागी उभा राहिला, अगदी पुतळा. आयुष्यात मी त्याला एवढा वेळ गप्प पाहिला नव्हता. मला वाटलं, आला, अपूर्णांक आला.

पक्षी गेल्यावर तो म्हणाला, “गुरुजी, आपल्या स्कीमच्या गेटवर शिमिटाचं कासव टाकलं तर कसं दिसंल?”

मी खिशातला मोजा काढला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आपला दगड त्यांच्या लाव्हाच्या तुकड्याशेजारी ठेवला. दोन्ही काळे, दोन्हींना बारीक भोकं. प्रमोद वाकून बघू लागला.

“हेच्यात फरक काय?”

“वयाचा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. हा त्याच्या मानाने तान्हा. आपलं गाव तेव्हा असंच उकळत होतं.”

“कासार आंबोली?”

“आंबोली, पौड, मुळशी, सगळं.”

“आन् आता पानी टँकरनं येतं,” प्रमोद म्हणाला.

फोटो काढून मी दगड परत मोज्यात घातला.

परतीच्या दिवशी विमानतळावर माझी बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. अधिकारी बाईंनी मोजा काढला, मोज्यातून दगड काढला आणि माझ्याकडे जे पाहिलं, तसं मी चाळीस वर्षं मुलांकडे पाहत आलो आहे. त्या बेटांवरून वाळूचा कणही बाहेर नेता येत नाही, हे सगळीकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

“हा आमचा दगड आहे,” मी इंग्रजीत म्हणालो. “भारतातून आणलेला.”

त्यांनी शांतपणे विचारलं, “भारतातून इथे दगड कशाला आणला?”

या प्रश्नाला कोणत्याही भाषेत चांगलं उत्तर नाही. मी फोटो दाखवला. त्यात दोन सारखे दगड शेजारी शेजारी होते, म्हणजे पुरावा त्यांच्याच बाजूने झाला. त्यांनी विचारलं, यातला तुमचा कोणता? मी डावा म्हणालो. पण खरं सांगायचं तर दगड उचलताना माझा चष्मा कपाळावर होता, आणि डाव्या हाताचा दगड मोज्यात गेला की उजव्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

एवढ्यात प्रमोद पुढे झाला. “काय म्हनतीया बाई?”

“दगड त्यांचा आहे म्हणतात.”

“त्यांचा?” प्रमोदचा आवाज चढला. “माज्या जाग्यातला दगड! माज्या आज्ज्यापासनं आमच्या नावावर हाय! थांबा.” त्याने फोनवर सात-बाराचा उतारा उघडला आणि बाईंच्या पुढे धरला. “म्हना, वाचा म्हनावं!”

बाईंनी तो अनोळखी लिपीतला कागद अगदी आदराने पाहिला. मला विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, जमिनीचा सरकारी दाखला. त्यांनी पुढे विचारलं, यात या दगडाबद्दल काय लिहिलंय? मी उतारा परत वाचू लागलो. प्रमोद ढोसू लागला, “सांगा की, गुरुजी. खरं काय ते सांगा.”

सात-बाऱ्यावर त्या सहा एकरांपुढे पोटखराबा अशी नोंद आहे. मी सांगितलं, “लिहिलंय की ही जमीन पिकाला निरुपयोगी आहे.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “निरुपयोगी आहे, तर हे एवढे भांडतात कशाला?”

मी ते प्रमोदला मराठीत सांगितलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग परत उघडलं आणि परत मिटलं. विमानाची वेळ झाली होती. बाईंनी दगड एका पेटीत ठेवला, त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि आम्हाला शुभप्रवास म्हणाल्या.

समुद्र ओलांडल्यावर प्रमोदने फोनवरचा उतारा परत एकदा उघडून पाहिला. मग म्हणाला, “येका दगडासाठी बाई हटली न्हाई, गुरुजी. आन् मी तेच डंपरनं इकाया निघालो. भाव कमी आला का काय मला?”

गावात उतरल्यावर प्रमोदच्या आई, चंद्रकलाबाई, तांब्यात पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. लांबची यात्रा म्हटल्यावर त्यांच्या लेखी काशी एकच. पायांवर पाणी घालत त्यांनी विचारलं, “काय सोडून आलास रं?” काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी सोडून यायची रीत असते.

“दगड,” प्रमोद म्हणाला.

“दगड कुनाला आवडतो का, मुडद्या!”

होळी झाली, पोकलेन आलं नाही. कातळाभोवती तारेचं कुंपण मात्र आलं, फाटक आलं, आणि फाटकावर वॉचमन. आत चुन्याने रंगवलेल्या खुंट्यांची पायवाट आली. पाटीवर लिहिलं होतं: ‘येथील दगड नेण्यास सक्त मनाई आहे. जाताना खिसे तपासले जातील.’ सरड्याचा कुठे उल्लेख नव्हता. प्रमोदने सरडा तेव्हाही पाहिलेला नव्हता. आपल्याकडे एवढी किमती वस्तू आहे आणि आजवर ती उघड्यावर पडली होती, एवढंच त्याने पाहिलं होतं.

“सध्या ठेवलंय,” तो म्हणाला. “पाऊसकाळ झाला की बगू. भाव कळंस्तवर कुनाला हात लावू द्यायचा न्हाई.”

म्हणजे कातळाला सहा-सात महिने मिळाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला याहून कमी वेळात निकाल लावायला सांगितलं गेलं होतं, म्हणून मी तक्रार केली नाही. रविवारी मुलं घेऊन गेलो. मुलं खुंट्यांच्या आत उभी राहून बघत होती. पूर्वीसारखं पोटावर झोपून बघता येत नव्हतं, पण सरडेही पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबत होते, हे मला कबूल करावं लागलं.

निघताना वॉचमनने किमयाच्या दप्तरातून दगड काढला. किमया नांद्याहून मामाकडे राहायला आलेली, तिसरीतली.

“हा माझा आहे! आमच्या सोसायटीच्या मागचा! मी जुळतो का ते बघायला आणला होता.”

“सगळे असंच म्हनत्यात,” वॉचमन म्हणाला, आणि माझ्याकडे पाहू लागला.

किमयाच्या डोळ्यांत पाणी होतं. एक शब्द बोललो असतो तर दगड तिला परत मिळाला असता. पण एकदा दगड बाहेर गेला की नियम गेला, आणि त्या नियमापाठोपाठ पोकलेन आत आलं असतं. मी म्हणालो, “ठेव तो इथेच, किमया.”

“पण माझा आहे ना, गुरुजी?”

“तुझाच आहे. चल, रस्त्यात एक गोष्ट सांगतो.”

गोष्ट मी मोज्यापासून सांगितली, चष्म्यासकट. मुलं रस्त्यात बसून हसली. किमयाही हसली, जरा उशिरा.

पुढच्या रविवारी बाराही मुलांच्या खिशात एकेक दगड होता. कुणी परसातून आणलेला, कुणी ओढ्यातून. वॉचमनने बाराही जप्त केले. त्याच्या पुढच्या रविवारी चोवीस. मुलांना मी काही बोललो नाही. ज्या कातळातून डंपर भरून दगड जायचे होते, त्यात दर आठवड्याला मुलामागे दोन खिसे दगड वाढत होते. मे महिन्यापर्यंत फाटकाच्या आत माझ्या गुडघ्याएवढा ढीग झाला.

एका सकाळी प्रमोद साडूला घेऊन आला. “बगा, किती चोरी व्हती,” ढिगाकडे हात करून म्हणाला. “पोरंसुदीक सोडत न्हाईत. उगंच का!” साडूने मॉरिशसचं काहीतरी काढलं, पण ते तिथे टिकलं नाही.

तेवढ्यात ढिगाच्या अगदी टोकावर काहीतरी हललं. आसपास त्याच्याएवढी उंच जागा दुसरी नव्हती. बोटाएवढ्या प्राण्याने पुढच्या पायांवर अंग उचललं आणि गळ्याखालचा निळा पंखा उघडला, मिटला, परत उघडला.

प्रमोद वाक्याच्या मधेच थांबला.

“गुरुजी,” तो कुजबुजला, “हा कोन?”

“तोच, ज्याला सामानसुमान नाही.”

“हितं कवापासनं हाय?”

“तुझ्या आज्ज्याच्या आधीपासून.”

त्याने फोन काढला नाही. मला वाटलं, जवळून दाखवावा, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. प्रमोदने माझा दंड धरून मागे ओढलं.

“टू मीटर, गुरुजी.”