आतून लागणारी कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्की संशयी. उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एका छोट्या कारखान्यात मी घडले. १९८६ साली सोमा सुताराने मला अंबरनाथ पश्चिमेतल्या एका मठात नेलं आणि महाराजांच्या उपासनेच्या खोलीला आतून चार स्क्रूंनी बसवलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. देवाचं नाव घ्यायला आतून कडी कशाला?

भक्त मात्र माझं भारी कौतुक करत. महाराजांच्या एकांताची राखणदार म्हणून मला हळदकुंकू वाहत. मला ते कौतुक कधी पचलं नाही. कारण 'विशेष आशीर्वादा'साठी मुलांना एकेकटं आत बोलावलं जाई आणि महाराज मला लावून घेत. १९८९ मध्ये नववीतली मीनल आत गेली, तेव्हाही मी लागलेलीच होते. आत काय झालं ते मी सांगणार नाही; सांगायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल. महाराजांनी गुन्हा केला, आणि मला आपणहून उघडता आलं नाही, याची लाज अजून वाटते.

मीनलने आईला सांगितलं, तर आई, कुंदाताई, तिच्यावरच उखडल्या. शेवटी तिने शाळेतल्या वृंदाबाईंना गाठलं आणि त्या तिला घेऊन पोलिसांत गेल्या. हे कळताच मठाचे विश्वस्त श्यामकांत यांनी सोमाला बोलावून मला काढायला लावलं, स्क्रूंची भोकं पुट्टी भरून बुजवली, दार रंगवून घेतलं, आणि पोलिसांना छातीठोकपणे सांगितलं की आतून कडी कधी नव्हतीच. मला हळदकुंकू वाहणाऱ्या भक्तांनीही त्यांचीच री ओढली. मला विहिरीत फेकायचा हुकूम होता. पण चांगलं पितळ सुताराला टाकवतंय कुठलं! मी सोमाच्या बदलापूरच्या घरी, हत्यारांच्या पेटीत पडून राहिले.

चार दिवसांनी कुंदाताई मीनलला घेऊन तिथे आल्या.

"सोमा, पोरीला माफ करा म्हणून मी महाराजांचे पाय धरायला गेले होते. तर त्या दाराला ताजा रंग! ऐन पितृपक्षात! गेल्या वर्षी आम्ही नुसती घराला सफेदी काढणार होतो, तर याच महाराजांनी थांबवलं. पितर कोपतील म्हणाले. मग आता एवढी घाई कसली? मठाचं सुतारकाम तूच करतोस, खरं सांग."

"मना काय ठाव नाय, वहिनी," सोमा म्हणाला. मग त्याने दारात उभ्या मीनलकडे पाहिलं आणि पेटी उघडली.

मी पोलिसांच्या हाती आले आणि त्यांनी त्या दाराचा रंग खरवडला. माझी चारही भोकं बरोबर जुळली. तीन वर्षांनी कोर्टात महाराजांना शिक्षा झाली, तेव्हा मी तिथल्याच टेबलावर होते. कुंदाताई रडत मीनलला मिठी मारायला गेल्या. ती जरा मागे सरली.

"आई, ही कडी मिळाली नसती, तर तू कोणाचं खरं मानलं असतंस?"



मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं माझं म्हणणं नाही. पण एखादं मूल असं काही सांगायला आलं, तर त्याला जवळ बसवा आणि ऐका. पुरावा शोधणं पोलिसांचं काम. 'तुझं खरं आहे' हे पहिल्याच दिवशी म्हणणं घरच्यांचं. मीनलला ते घरच्यांच्या आधी न्यायाधीशांकडून ऐकावं लागलं.