पपनसाची तार

पपनसाला यंदा पानांपेक्षा फळंच जास्त दिसत होती. एरवी हे झाड महाकंजूष. आठ-दहा फळं दिली की उपकार केल्यासारखं उभं राहायचं. यंदा मात्र लिंबाएवढ्या हिरव्या फळांनी फांद्या वाकल्या होत्या. सासूबाई आल्यागेल्याला हाताला धरून झाडाखाली नेत.

"काकू, आता काठी द्या याला, कमरेत वाकलंय," अंडी न्यायला आलेला बेकरीवाला म्हणाला.

"काठी कसली, चांगले चार बांबू देणारेय," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "ह्यांनी पाठवलंय सगळं. जिवंतपणी कधी एक फूल आणलं नाही, आता भरभरून पाठवतायत."

सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. झाड त्यांनीच लावलेलं. ते गेल्यापासून सासूबाई दोन घास खाऊन उठत, कोंबड्यांना दाणे टाकायचीही त्यांना आठवण करावी लागे. फळं धरली आणि त्या पुन्हा आपण होऊन गोठ्यात जाऊ लागल्या.

सुनेला मात्र पानं खुपत होती. ती रोपवाटिकेत वाढलेली, कलमं बांधणाऱ्या बापाची लेक. एवढ्या फळांच्या झाडाची पानं अशी पिवळी का? बकऱ्यांसाठी पाला काढताना तिने बुंध्यावरचा मिरीचा वेल बाजूला सारला आणि तिथेच बसली.

बुंध्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा रुतला होता, ट्यूबच्या आत तार होती. झाडाला बांधलेली गाय दोरखंड तोडायची म्हणून आजारपणात, हातात जोर नसताना, सासऱ्यांनी ती आवळली होती. पुढे गाय गोठ्यात बांधू लागले. तार राहिली. बुंधा जाड होत गेला तशी ती सालीत शिरली, वरून वेल चढला. आता तारेच्या वरचा बुंधा सुजल्यासारखा फुगला होता, खालचा तसाच बारीक.

पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून मुळांकडे उतरतं. ती वाटच बंद झाली होती. सगळं वरच अडलं, म्हणून एवढी फळं. खाली मुळं उपाशी होती.

"आईला सांगू नकोस," तिचं ऐकून नवरा गोठ्यात शेण ओढता ओढता म्हणाला. "वर्षभराने तिच्या तोंडावर हसू आलंय."

"आणि झाड वाळल्यावर?"

"वाळलं म्हणायचं. झाडं वाळतात."

"वाचू शकतं. फळं सगळी उतरवायची आणि त्याच्याच फांद्यांचे तुकडे जखमेवरून पुलासारखे बसवायचे. आत्ता साल खोडापासून सुटतेय, नंतर सुटायची नाही."

"नक्की वाचेल?"

"नक्की नाही."

"मग झालं तर!" त्याने फावडं भिंतीला टेकवलं. "अगं, बाबांनी पाठवलं म्हणते ती. बाबांनीच गळा आवळला, असं सांगणारेस तिला?"

तार चोरून कापता आली असती. फळं चोरून कशी उतरवणार?

ती झाडापाशी परत आली तेव्हा सासूबाई बांबू ओढत आणत होत्या. तिने त्यांचा हात धरून बुंध्यावर ठेवला. त्यांचं बोट ट्यूबवरून फिरलं आणि तारेच्या पिळाशी थांबलं.

"हा ह्यांचा पीळ," त्या म्हणाल्या. "काय झालंय?"

सुनेने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. सासूबाई खाली बसून ऐकत होत्या.

"म्हणजे ह्यांच्यामुळेच धरली फळं."

"हो."

"आणि ह्यांच्यामुळेच मरणार."

सुनेने मान डोलावली.

"जन्मभर या माणसाने एक काम धड पुरं केलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "कुंपण अर्धं, गोठ्याचं छप्पर अर्धं. पक्कं केलं ते एवढंच." त्यांनी मनगटाने डोळे पुसले. "वाचेल?"

"सांगता येत नाही, आई. पण असंच ठेवलं तर जाणारच."

"पक्कड आण."

तार तुकड्यातुकड्यांनी निघाली. मग सासूबाईंनी फळं तोडायला घेतली, कुणाला हात लावू दिला नाही. उंच फांद्यांसाठी त्या स्टुलावर चढल्या. नवरा आला, रिकाम्या होत चाललेल्या झाडाकडे बघत उभा राहिला आणि पुढे होऊन त्याने स्टूल धरलं. जमिनीवर हिरव्या फळांचा खच पडला. बकऱ्यांनी दोन-चार हुंगली आणि तोंड फिरवलं.

सुनेने जखमेच्या वर आणि खाली सालीला चिरा दिल्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या कापून त्यांची टोकं तिरकी तासली.

"यातलं वरचं टोक कुठलं?" सासूबाईंनी विचारलं.

"फुटव्याच्या डोळ्यांची तोंडं ज्या बाजूला आहेत ते. उलटं बसलं तर कामाचं नाही."

सासूबाईंनी तुकडा उजेडात धरून नीट पाहिला. मग त्याचं एक टोक खालच्या सालीत सरकवलं, दुसरं वरच्या, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं.

"बांध सावकाश," त्या म्हणाल्या. "मी धरलंय."