कागदी रहाट

माझा भाऊ किम-लाय कंपनीच्या कामाला लागला तेव्हा गावाने त्याच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. समुद्रात पवनचक्क्या रोवायच्या म्हणून राजधानीतून, ताइपेईहून, माणसं आली होती. देवळाच्या मंडपात सभा झाली, चहा झाला, पडद्यावर चित्रं दाखवून झाली. कोळसा बंद करायचा, धुरांडी बंद करायची, सगळा देश वाऱ्यावर चालवायचा. धुरांडी बंद होणार म्हटल्यावर मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू? उत्तरेकडून वारा फिरला की माझे वाळत घातलेले कपडे काळे होतात. पण मग कोळी उठून विचारायला लागले, की समुद्रात खांबच खांब झाले तर आम्ही जाळं टाकायचं कुठे? याचं उत्तर कुठल्याच चित्रात नव्हतं. आरडाओरडा झाला, कुणीतरी खुर्ची आपटली. आणि नेमका तेव्हाच माझा भाऊ उठून म्हणाला, "मी येतो तुमच्याबरोबर."

काम राखणीचं होतं. कंपनीचं मोठं जहाज समुद्राचा तळ तपासत फिरायचं. त्याच्या पुढेमागे किम-लायने स्वतःची बोट घेऊन राहायचं आणि वाटेत कुणाचं जाळं येऊ द्यायचं नाही. म्हणजे ज्यांच्याबरोबर जन्म काढला त्यांनाच भोंगा वाजवून हाकलायचं.

"काय किम-लाय, आज कुणावर भुंकलास?" बंदरावर लोक विचारायचे.

"तुझ्या मेव्हण्यावर," तो म्हणायचा. "उद्या तुझी पाळी आहे, लवकर ये."

हसायचा वर. मला मात्र त्या हसण्याची चीड यायची. एकदा मी कालवं फोडत बसले होते आणि तो समोर येऊन टेकला, तेव्हा मी विचारलंच. "भिकेला लागला आहेस का? घरात दोन माणसं, बोट तुझी स्वतःची. कशासाठी गावाच्या शिव्या खातोस?"

त्याने ढिगातला एक शिंपला उचलून उलटासुलटा केला. मग म्हणाला, "अक्का, त्यांच्या जहाजाला तळाचं सगळं दिसतं. दगड दिसतो, तुटलेला नांगर दिसतो. बोट असली तर बोटही दिसेल."

माझ्या हातातली सुरी थांबली. 

बोट म्हणजे त्याच्या पोराची, तो-सिंगची. आमच्याकडे थंडीत ईशान्येचा वारा सुटतो. तो सुटला की म्हातारी माणसं भिंत धरून चालतात. याच वाऱ्यासाठी कंपनी आमच्या दारात आली; असा वारा जगात फार थोड्या ठिकाणी आहे म्हणे, मोठं कौतुक करत होते. त्याच वाऱ्यात तो-सिंग जाळी काढायला म्हणून गेला आणि परत आला नाही. पंचवीस वर्षांचा होता. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला, मला बघितलं की लांबूनच "आत्या, खायला काय?" म्हणून ओरडणारा. महिनाभर शोधाशोध झाली. त्याला आता सात-आठ वर्षं झाली. अंग सापडलं नाही, बोट सापडली नाही, एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

आणि या फळीवरच माझी भावजय आखिम अडून बसली. फळी आली नाही, म्हणजे बोट फुटली नाही. बोट फुटली नाही, म्हणजे ती वाहत पलीकडे चीनच्या किनाऱ्याला लागली. फार पूर्वी शेजारच्या गावचा एक माणूस असाच तिकडे लागला होता आणि बऱ्याच वर्षांनी बायको घेऊन परत आला होता. ती गोष्ट आखिमने आम्हाला इतक्यांदा सांगितली, की त्या माणसाच्या बायकोलासुद्धा तेवढी पाठ नसेल. रोज संध्याकाळी ती तो-सिंगचा भात वाढायची आणि खायच्या काड्या वाडग्याशेजारी आडव्या ठेवायची. भातात उभ्या खोचलेल्या काड्या मेलेल्यांसाठी असतात. पाहुण्याचं लहान पोर एकदा खेळता खेळता त्या वाडग्यात काडी उभी करायला गेलं, तर तिने त्याच्या थोबाडीत मारली. पाहुणे न जेवता निघून गेले.

सहाव्या महिन्यात आमच्या गावी रहाट असतात. पाण्यात बुडून मेलेला माणूस आपल्याआपण वर येऊ शकत नाही, त्याला काढावं लागतं. म्हणून बांबूच्या कामट्यांचं उंच नळकांडं करतात, त्यावर रंगीत कागद चिकटवतात, मेलेल्याचं नाव लिहितात आणि देवळापुढच्या रस्त्यावर आत खांब घालून उभं करतात. पुढे पाण्याचं घमेलं, टॉवेल, कोरे कपडे. घरच्यांनी दोन्ही हातांनी ते फिरवायचं आणि नाव घेऊन हाक मारायची. आत्मा धरून चढायला लागला की रहाट जड होतो. तसा जड झाला की आमच्या बायका ऊर बडवून रडतात आणि मग घरी जाऊन पोटभर जेवतात. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना ते कळणार नाही.

आखिम दरवर्षी इतरांच्या रहाटांना कागद चिकटवायला सगळ्यांच्या आधी हजर. स्वतःचा मात्र कधी उभा केला नाही. "जित्या माणसाचा रहाट ओढला तर तो मरतो," म्हणायची. तरी वर्षातून एकदा आमच्या समुद्राच्या देवीपुढे, मात्सूआईपुढे, कौल लावायची: रहाट उभारू का नको? चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला तर होकार. तिचे दरवेळी दोन्ही उताणे पडायचे. त्याचा अर्थ देवी नुसती हसतेय, उत्तर देत नाही.

"बघा वन्सं," ती मला म्हणायची, "हसतेय. पोरगं मेलेलं असतं तर आई हसली असती का?"



मग यंदा चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास एक दिवस किम-लाय माझ्या कालवांच्या शेडमध्ये आला आणि बादली पालथी घालून बसला. त्याच्याकडे बघूनच मी समजले. जहाजाला तळाशी बोट दिसली होती. मग कॅमेरा लावलेलं छोटं यंत्र दोरीने खाली सोडलं होतं आणि किम-लायला पडद्यासमोर बसवलं होतं. गढूळ पाण्यात आधी काही दिसेना. मग नाळेवरची, बोटीच्या पुढच्या टोकावरची, नावाची अक्षरं दिसली. ती त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती, त्यातलं एक वाकडं आलं होतं आणि पोरगा त्यावरून त्याला चिडवायचा.

"केबिनच्या दाराशी पिवळं कापड होतं, अक्का. रेनकोटचं. दारात अडकलं होतं."

"कापडात काही..."

"मी विचारलं नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ते म्हणाले, पाण्याला ओढ फार आहे, वर काढता येणार नाही. तिथे एक चक्की यायची होती, ती ते बाजूला सरकवणार आहेत. बोटीला धक्का लावणार नाहीत. साहेबाने टोपी काढली. माणूस वाईट नाही."

आम्ही दोघं रडलो. मग तो म्हणाला, "तू सांग तिला."

मला राग आला. "तुझ्या डोळ्यांनी बघितलंस, तुझ्या तोंडाने सांग. मला पुढे करू नकोस."

"सांगतो."

सांगतो म्हणणाऱ्या पुरुषाने कधी काही सांगितलंय असं मी या जन्मात बघितलेलं नाही. तो जेवायला बसायचा, शेजारी त्या वाडग्यातला भात गार होत असायचा, आणि हा मुकाट्याने घास गिळून उठायचा. आज सांगेल, उद्या सांगेल म्हणता म्हणता सहावा महिना उजाडला.

आणि कंपनीची पोरगी आली. श्यू-तिंग नाव. गावाशी बोलायला म्हणून कंपनीने ठेवलेली, ताइपेईची, पण स्वभावाने गोड. बायकांबरोबर कालवं फोडायला बसून बोटं कापून घेतलेली. मी त्या वेळी आखिमच्या अंगणात लसूण सोलत होते. पोरगी काळे कपडे घालून आली, दारात वाकली आणि दोन्ही हातांनी आखिमच्या पुढे पाकीट धरलं. पांढरं.

आमच्याकडे लग्नाला, बाळंतपणाला, नव्या वर्षाला पैसे द्यायचं पाकीट लाल. पांढरं एकाच घरी नेतात, मयताच्या. पोरगी रीतीला धरूनच वागली होती. बाप रोज आपल्याबरोबर समुद्रावर असतो, म्हणजे घरात माहीत असणारच, असं तिला वाटलं. यात तिची काय चूक?

आखिमने पाकिटाकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"घर चुकलीस बाई," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी गेलेलं नाही."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेवढं पुरलं.

"कोण गेलंय?" आखिमने मला विचारलं. "वन्सं, कोण गेलंय?"

तेवढ्यात किम-लाय मागच्या दाराने आला, त्याने ते पाकीट बघितलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. पोरगी रडायला लागली. तिला मीच हाताला धरून फाटकाबाहेर काढलं, आणि परत आले तेव्हा आखिम नवऱ्यासमोर उभी होती. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणून गेलास होय त्यांच्याकडे. पोराला शोधायला."

"हो."

"मला वाटायचं, घरात करमत नाही म्हणून जातोस. मी तुला डबा करून देत होते." तिचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं मी त्याला जिवंत ठेवला. एकटीने ठेवला. तू एका पडद्यासमोर बसलास आणि मारून आलास."

"आखिम, नाव होतं नाळेवर. ते वाकडं अक्षर..."

"बोट असेल! बोट बुडाली असेल. बोटीतून माणूस उडी मारत नाही?"

रेनकोटचं त्याने सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. मीही सांगितलं नाही. 

मग तिने डोळे पुसले आणि एखादा सौदा ठरवावा तसं म्हणाली, "रहाट आण. उभा कर माझ्या तो-सिंगच्या नावाने. मी फिरवते. तो खाली असेल तर जड होईल. हलका फिरला, तर या बोटीचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. तू नाही आणि वन्संनीपण नाही. कबूल?"

किम-लाय "कबूल" म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

रहाटाच्या दिवशी ऊन इतकं होतं, की रहाटांचे कागद चुरचुरत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने रहाट, प्रत्येकाभोवती माणसं, झांजा आणि रडणं. आखिमचा रहाट शेवटाला होता. उशिरा सांगितल्यामुळे आमच्या बांबूवाल्याने घाईघाईत केला होता, पण चांगला केला होता. घमेल्यातलं पाणी तिने स्वतः भरलं. कपडे मात्र कोरे आणले नव्हते. तो-सिंगच्या कपाटातला नेहमीचा शर्ट आणला होता, इस्त्री करून.

भगत नाव पुटपुटला, घंटा वाजवली आणि तिला म्हणाला, "धर वहिनी. हाक मार आता."

तिने धरला, पण हाक मारली नाही. ओठ घट्ट मिटून फिरवायला लागली. आणि रहाट फिरला. फिरणारच! कामट्या आणि कागद, त्याला वजन किती? आम्ही बाकीच्या बायका फिरवतो तेव्हा रडून रडून हातातलं बळ गेलेलं असतं, नाव घेऊन घेऊन अंग गळालेलं असतं. ती मात्र ताठ उभी राहून फिरवत होती, आणि तो रहाट भिरभिर फिरत होता. शेजारच्या रहाटाच्या बायका रडायच्या थांबल्या.

आखिमने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा मी बघितला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हाची आखिम.

"बघितलंस?" ती म्हणाली. "हलका आहे. वन्सं, बघा ना! नाही तो खाली. मी म्हणत होते ना, नाही तो खाली!"

मी तोंडात बाही कोंबली. देवा, मनात आलं, असू दे. तिचं खरं असू दे. कुणाचं काय जातंय? भात गार होतोय, एवढंच ना?

किम-लाय पुढे झाला. रहाटाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही तळवे त्या फिरत्या कागदावर टेकवले. कागद त्याच्या हाताखाली फाटला. कामट्या करकरल्या आणि रहाट मंदावला. लपवायचा काही प्रयत्न नव्हता. भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, माझा भाऊ आपल्या पोराच्या रहाटावर भार देऊन उभा होता. भगताने मान दुसरीकडे वळवली. कुणी हसलं नाही, "काय हे" म्हणालं नाही. रोज त्याला कुत्रा म्हणणारे तिथेच उभे होते, तेही नाही.

आखिमने जोर लावला. रहाट जेमतेम हलला. तिने पुन्हा लावला. मग ती थांबली आणि तिने त्याच्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, आता ही त्याला मारणार. मी पुढे पाऊलसुद्धा टाकलं.

"मी..." किम-लाय म्हणाला, आणि हात उचलायला लागला.

"काढू नकोस," ती म्हणाली. "असाच धर."

मग तिने कपाळ त्या फाटक्या कागदाला टेकवलं आणि पहिल्यांदा हाक मारली.

"तो-सिंग, ये रे बाळा. ये वर. बाबांनी धरलंय बघ."