पहिल्या खेपेचे वाजवणे

बुधवार, ९ मार्च २०१६. सकाळचे दहा वाजले तेव्हा वाद्यवृंदातल्या व्हिओलाच्या, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या आणि खालच्या सुरातल्या वाद्याच्या, एका रिकाम्या जागेसाठी सत्तावीस उमेदवार हजर होते. तालमीच्या दालनात आडवा काळा पडदा लावला होता. दारापासून पडद्यामागे उभे राहण्याच्या जागेपर्यंत जाड गालिचा अंथरला होता, कारण टाचांच्या आवाजावरून आलेली व्यक्ती बाई की पुरुष, एवढेसुद्धा मत देणाऱ्यांना कळू नये, असा वाद्यवृंदाचा दंडक होता. उमेदवाराने बोलायचे नाही. शक्यतो खोकायचेही नाही. त्याला नाव नसते, फक्त चिठ्ठी काढून मिळालेला क्रमांक असतो.

पडद्याच्या अलीकडे मतदार, म्हणजे वाद्यवृंदातलेच वादक, बसले होते आणि त्यांच्या शेवटच्या रांगेत लुडगर टीमान. व्हिओला विभागाचे ते प्रमुख. वय पासष्ट, जुलैमध्ये निवृत्त व्हायचे. आज मात्र त्यांना मत नव्हते. उमेदवारांत आपली शिष्या आहे, हे त्यांनी नियमाप्रमाणे आधीच कळवून टाकले होते.

शेजारी मतदारांपैकी बुर्कहार्ट नोल बसला होता. स्वरलिपीच्या चौथ्या स्टँडवर बसणारा जुना वादक, जिभेला हाड नसलेला.

"लुडगर, व्हिओलावाल्यांच्या चाचणीला पडदा का लावतात, ठाऊक आहे?"

"सांगू नकोस."

"ऐकणाऱ्यांची तोंडं त्यांना दिसू नयेत म्हणून!" आणि स्वतः व्हिओलावाला असलेला बुर्कहार्ट पोट धरून हसला. "बरं, आपली फ्राउके कितव्या नंबरला आहे?"

"मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं."

"नको सांगू. तीन वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून वाजवतेय पोरगी. पहिल्या सुरातच ओळखेन मी."

फ्राउके ल्यूर्सन चौदाव्या वर्षापासून टीमानांकडे शिकत होती. आता ती चौतीस वर्षांची होती. गेले तीन हंगाम ती याच वाद्यवृंदात बदली वादक म्हणून वाजवत होती आणि तिचा करार उन्हाळ्यात संपत होता. पस्तिशी ओलांडलेल्या उमेदवाराला चाचणीचे निमंत्रण सहसा येत नाही. हे कुठे लिहिलेले नसते, पण सगळ्यांना ठाऊक असते. कायमची खुर्ची मिळवायची ही तिची शेवटची संधी होती, याबद्दल तिच्या मनात संदेह नव्हता आणि टीमानांच्याही नव्हता.

टीमानांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. स्टँडच्या डाव्या कडेला दहा सुके वाटाणे मांडायचे. कठीण तुकडा बिनचूक वाजला की एक वाटाणा उजवीकडे सरकवायचा. एक जरी चूक झाली, तरी सगळे वाटाणे पुन्हा डावीकडे. दहाही उजवीकडे गेल्याशिवाय दुसऱ्या तुकड्याला हात लावायचा नाही. विद्यार्थी त्यांना तोंडावर जर्मन रीतीने हेर टीमान, म्हणजे टीमानसाहेब, आणि पाठीमागे वाटाणेबुवा म्हणत, हे त्यांना माहीत होते आणि मनातून आवडतही होते. संगीताकडे वळण्यापूर्वी त्यांनी तंत्रविद्यालयात सूक्ष्म यंत्रकामाचे शिक्षण घेतले होते. जे मोजता येते तेच सुधारता येते, ही तिथली शिकवण त्यांनी पुढे वाद्यालाही लावली होती.

जानेवारीत फ्राउके एका नव्याच खुळाने भारून आली. संगीतकारांच्या मेंदूचा आणि हातांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर इम्के झांडर यांच्याकडे ती जाऊन आली होती.

"हेर टीमान, त्या म्हणतात की एकच तुकडा लागोपाठ घोटायचा नाही. एकदा वाजवायचा, सोडायचा, दुसरा घ्यायचा, तिसरा घ्यायचा, मग परत पहिल्याकडे यायचं. मधे थोडं थांबायचं. आणि रात्री नीट झोपायचं, कारण हात शिकतो तो झोपेत."

"झोपेत? मग मी चाळीस वर्षं लोकांना उगाच जागं ठेवलं म्हणायचं!"

"थट्टा नका करू हो. आठवडाभर करून बघते."

आठवड्यानंतर तिने वाजवून दाखवले. वाजवणे विसकटलेले होते. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना ती अडखळत होती, मधेच सूर उतरत होता. टीमानांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"स्वतःचं वाजवणं ऐकलंस का?"

"ऐकलं. सुरुवातीला असंच होतं, म्हणाल्या त्या. रियाजात वाईट वाटतं, पण आत..."

"आत काय चाललंय ते मतदारांना दिसत नाही, फ्राउके. त्यांना ऐकू येतं. चाचणीला सात आठवडे उरलेत आणि तू हात दाखवून अवलक्षण करून घेते आहेस. काढ ते वाटाणे."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. वीस वर्षांचा विश्वास होता. तिने वाटाणे काढले.

चौथ्याच दिवशी तिचा तुकडा आरशासारखा लखलखीत वाजू लागला आणि टीमानांना आपलेच खरे झाल्याचे समाधान वाटले. तरीही इम्केवरचा राग गेला नव्हता. फेब्रुवारीच्या मध्यास ते स्वतः तिच्या खोलीत जाऊन उभे राहिले. इम्के ही एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी. व्हिओला सोडून ती वैद्यकाकडे वळली होती.

"माझ्या विद्यार्थिनीच्या डोक्यात काय भरवतेस गं तू?"

"बसा, हेर टीमान. कॉफी घेणार? साखरेचे दोन खडे, अजून तसंच ना?" इम्के हसत म्हणाली. "मी काही भरवलं नाही. एकच विनंती केली होती तिला. रोज सकाळी वाद्य पेटीतून काढलं की पहिल्यांदा जे वाजेल ते फोनवर टिपून मला पाठवायचं. एकदाच. तुमच्या वाटाण्यांकडे परत गेल्यावरही ती पाठवत राहिली. ऐकता?"

तिने ऐकवले. मिसळून रियाज केलेल्या त्या आठवड्यातल्या सकाळच्या नोंदी एकामागून एक आल्या. पहिल्या दिवशी सुरुवातीची, खालच्या सुरावरून वरच्या सुरावर जायची उडी चुकली होती, तिसऱ्या दिवशी थोडक्यात हुकली होती, सातव्या दिवशी ती नेमक्या जागी पडली होती. मग वाटाण्यांच्या सकाळी सुरू झाल्या. पहिल्या सुराला हात चाचपडत होता. दुसऱ्या दिवशीही चाचपडत होता. दहाव्या दिवशीही तोच अडखळा, त्याच जागी.

"पण संध्याकाळी ती माझ्यासमोर निर्दोष वाजवते," टीमान म्हणाले. आवाजातला जोर ओसरला होता.

"कितव्या खेपेला?"

टीमान आता कुठे खुर्चीत बसले.

"लागोपाठ तेच दिलं की मेंदू शोधायचे कष्ट घेत नाही. आत्ताच सापडलेली वाट त्याच्या पायाखाली असते, तो तिच्यावरून नुसता चालतो. मधे दुसरं काही घातलं की वाट पुसली जाते, पुन्हा हुडकावी लागते. ते हुडकणं म्हणजेच शिकणं. म्हणून ते ऐकायला कुरूप असतं. चाचणीत दहावी खेप नसते, हेर टीमान. तिथे सगळ्यांची पहिलीच असते."

टीमानांच्या डोळ्यांसमोर तंत्रविद्यालयातली कार्यशाळा आली. तापलेल्या यंत्रावरचे माप धरायचे नाही. सुटा भाग पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि मगच मोजायचा, हे त्यांना सतराव्या वर्षी शिकवले होते. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांना तापलेल्या अवस्थेत मोजले होते. पहिली खेप त्यांनी कधी धरलीच नव्हती. तिला ते हात मोकळा करणे म्हणत.

"तू सात चाचण्या दिल्या होत्यास ना, इम्के?"

"सात. सातही वेळा पहिल्याच ओळीत घसरले. तुम्ही म्हणायचात, मन कच्चं आहे तुझं. मीही तेच धरून चालले. खरं कारण कळायला फार वर्षं गेली." तिच्या बोलण्यात डंख नव्हता, म्हणून ते अधिक लागले. "अजून तीन आठवडे आहेत. तेवढे पुरतात. मी फोन करू तिला?"

"नको. माझी विद्यार्थिनी आहे. मी सांगतो."

त्या संध्याकाळी फ्राउके आली ती पावसाने भिजलेली, पण चेहरा उजळलेला. "आज एकदाही वाटाणे मागे न्यावे लागले नाहीत, हेर टीमान! दहाच्या दहा सलग!" टीमानांनी तोंड उघडले. सांगायचे तर फक्त तिला सांगून भागणार नव्हते. त्या एका वाक्याच्या मागे इम्के उभी होती, वाद्य विकून विमा कंपनीत गेलेला एक जुना विद्यार्थी उभा होता, आणि मन कच्चे म्हणून ज्यांची बोळवण केली ते इतर कित्येक. आता पद्धत बदलली तर पोरीचा आत्मविश्वास डळमळेल, असे कारण त्यांनी स्वतःला दिले. ते कारण अगदीच खोटे नव्हते, आणि त्यामुळेच कामाला आले.

"छान," ते म्हणाले. "उद्या पुन्हा."

पुढचे सगळे दिवस त्यांची जीभ रेटली नाही. फेब्रुवारी संपला तेव्हा उशीर झाला होता. मग सांगण्यात अर्थच उरला नाही, असे ते म्हणू शकले.

अकराच्या सुमारास निवेदकाने पुकारले, "क्रमांक एकोणीस."

गालिच्यावरून कोणीतरी आले. पियानोवाल्याने सूर दिला. व्हिओलाच्या प्रत्येक चाचणीत वाजवाव्या लागणाऱ्या जुन्या कॉन्चेर्टोची, एकल वादकासाठीच्या रचनेची, सुरुवात. तिथे सुरुवातीलाच खालून वर झेपावणारी उडी आहे. गज तारेवर टेकला आणि वरचा सूर केसभर खाली पडला. लगेच दुसऱ्या ओळीत बोटे घट्ट झाली, एक जागा निसटली, गज थरथरला. टीमानांना ओळख पटायला आणखी काही लागले नाही. तो अडखळा त्यांनी इम्केच्या खोलीत दहा सकाळच्या नोंदींत ऐकला होता.

तिसऱ्या ओळीपासून हात सापडला. सूर मोकळा, गोल, पिकलेल्या फळासारखा झाला. टीमान खुर्चीच्या कडेवर सरकले. आता ऐका, आता ऐका, असे त्यांच्या मनात चालले होते. पण बुर्कहार्टसकट काही मतदारांनी पेन्सिली आधीच खाली ठेवल्या होत्या.

"धन्यवाद," पहिल्या रांगेतून आवाज आला. पडद्यामागे वाजवणे अर्ध्या ओळीत थांबले.

बुर्कहार्ट त्यांच्या कानाशी वाकला. "चौथ्या खेपेला फर्मास वाजवील हा बिचारा. घरी शेजारीपाजारी खूश असणार." मग डोके हलवत म्हणाला, "आपल्या फ्राउकेचं अजून व्हायचंय वाटतं."

टीमान उठले आणि मतदानाची वाट न पाहता बाहेर पडले.

खालच्या उपाहारगृहात फ्राउके खिडकीशी बसली होती. समोर मसुराचे सूप निवत होते. वाद्याची पेटी तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती, एखाद्या माणसाला बसवावे तशी.

"मी एकोणीस होते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"काय झालं मला कळत नाही. काल तुमच्यासमोर दहाच्या दहा... मन कच्चं आहे माझं, दुसरं काय."

"ते म्हणू नकोस."

"तुम्हीच म्हणता नेहमी."

टीमान तिच्यासमोर बसले. कोटाची बटणे काढायचेही त्यांना भान नव्हते. "तुझं मन कच्चं नाही, फ्राउके. रियाज चुकीचा होता. मी करून घेतलेला. इम्केचं बरोबर होतं. तिने मला तुझ्या सकाळच्या नोंदी ऐकवल्या. दहाव्या खेपेला तू पक्की होतीस, पहिलीला नव्हतीस, आणि पहिलीकडे मी कधी बघितलंच नाही."

फ्राउकेने चमचा खाली ठेवला. "कधी ऐकवल्या?"

"फेब्रुवारीत. मध्यावर."

"म्हणजे तीन आठवडे आधी."

"हो."

"आणि ती काय म्हणाली? तेवढ्यात झालं असतं?"

खोटे बोलायला इथे जागा होती, आणि ती दयाळूपणाचीही दिसली असती. "पुरतात म्हणाली," टीमान म्हणाले.

फ्राउकेने सूपचे भांडे बाजूला सारले. पलीकडच्या टेबलावर दोन तरुण उमेदवार पुठ्ठ्याच्या पेल्यांतून कॉफी पीत कुजबुजत होते. "मी विचारलं होतं तुम्हाला," फ्राउके म्हणाली. "दर आठवड्याला विचारत होते, नीट चाललंय ना. तुम्ही म्हणायचात, छान, उद्या पुन्हा."

"म्हणायचो."

"तुम्ही चुकलात याचा मला राग नाही, हेर टीमान. चुकतात माणसं. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तरी रोज तुम्ही मला दार उघडलंत."

टीमानांनी आता कुठे कोटाची बटणे काढायला घेतली. 

जिन्यावर पावले वाजली. आतापर्यंतच्या उमेदवारांचे मतदान आटोपून मंडळी मधल्या सुटीसाठी खाली येत होती. सर्वांत पुढे बुर्कहार्ट होता. फ्राउकेला पाहताच तो थबकला आणि हात पसरून म्हणाला, "अगं, तू इथे काय करतेस? तुझा नंबर कधी... लुडगर, हिचं अजून व्हायचंय ना?"

"एकोणीसला किती मतं पडली, बुर्कहार्ट?" फ्राउकेने विचारले.

बुर्कहार्टचे हात पसरलेलेच राहिले. त्याने तिच्याकडे पाहिले, मग पेटीकडे, मग टीमानांकडे. चेहऱ्यावरचे हसू हळूहळू ओघळून गेले.

"सांग ना. नियमाबियमाचं राहू दे आता."

तो तिची नजर चुकवत, जेमतेम ऐकू येईल असे बोलला.

"बाजूने चौदा. विरोधात तीस."