सात गाठी आणि एक निरोप

माणसाने शांततेसाठी दिलेल्या लढ्यांचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात माझ्या दाजींना एक पान द्यावं लागेल. त्यांना शांतता हवी होती ती रेडिओत, तीही दुपारी चार ते सव्वाचार.

दाजी निवृत्त दंतवैद्य. त्यांचा शाळेतला मित्र दूरच्या एका बेटावर हवामान केंद्र सांभाळायचा आणि रोज चारला मोर्समध्ये यांना चार ओळी पाठवायचा. शुक्रवारी ते केंद्र बंद होणार होतं. तो शेवटचा निरोप दाजींना एकही अक्षर न गाळता उतरवून घ्यायचा होता. एरवी दर तिसरं अक्षर खरखरीत बुडायचं. गोंगाटाचा काटा पाचवर असायचा.

अँटेना घरचीच: सायकलच्या चाकाएवढं केबलचं कडं, आतल्या तारेभोवती जाळीचं कवच.

"गोंगाट या जाळीच्या बाहेरून सरपटत येतो," दाजींनी मला समजावलं. "वाटेत फेराइटचं, म्हणजे लोखंडाच्या भुकटीचं भाजलेलं कडं घातलं की अडतो."

फेराइट मागवलं तर दहा दिवस लागणार होते. पण कॉम्प्युटर, प्रिंटर, चार्जर यांच्या वायरींवर टोकाशी जी जाड गाठ असते, ती फेराइटचीच. दाजींनी दाढ उपटावी तशी पहिली गाठ काढली, कापलेली वायर पुन्हा जोडली, शिस्तीत प्लग लावून बटण चालू केलं आणि गाठ अँटेनाच्या केबलवर चढवली. काटा सहावर गेला.

"एकीने भागत नाही," दाजी म्हणाले.

गुरुवारपर्यंत सात गाठी झाल्या. काटा नऊवर. शुक्रवारी जेवण होताच ते माझ्या लॅपटॉपच्या चार्जरकडे वळले.

"दाजी, उलटंच होतंय."

"उपचार सुरू केले की आधी ठणका वाढतोच. बॅग उघड."

ताई वाळलेले कपडे घेऊन आत आली. "अहो, ती गाठ वायरीवर असते कशाला?"

"यंत्राचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून."

"मग काढलीत कशाला?"

दाजींनी चिमटा खाली ठेवला. अडीच वाजले होते. मी वायरी धरल्या, ताईने उजेडाला टॉर्च धरला, दाजींनी साती गाठी एकेक करून परत बसवल्या. शेवटची बसली तेव्हा चाराला तीन मिनिटं कमी होती.

निरोप वेळेवर आला. दर तिसरं अक्षर बुडालं. काटा पाचवर होता.

त्या सगळ्या यंत्रांची बटणं दाजींच्या खुर्चीमागच्या भिंतीवर होती. सगळी चालू होती.