पृथ्वी तपासायचं टेबल

पृथ्वी कशी निर्माण झाली, या प्रश्नापायी मोठमोठ्या विद्वानांनी आयुष्यं वेचली. मला उत्तर माहीत आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवतात, वरून छापील पट्ट्या खळीनं बसवतात, आणि वाळायच्या आत कुणी बोट लावलं तर माझी धाकटी बहीण अंगावर येते.

तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या मेव्हण्यांचा, शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला वाट्या जोडतात, मध्ये पट्ट्या लावणाऱ्यांची रांग, तिचे म्होरके खळकाका. त्यांच्या हाताची खळ जेवतानासुद्धा पुरती निघत नाही, म्हणून हे नाव. पुढे वाळवणीच्या मांडण्या, मग मेव्हण्यांचं तपासणीचं टेबल, आणि दारापाशी बहिणीचं पॅकिंग. निवृत्त माणूस घरात कुठेही बसला तरी वाटेत येतो, म्हणून मी तिथे खिडकीखाली स्टूल पकडून असतो. तिथेही वाटेतच येतो, पण पाहुणा म्हणून कुणी बोलत नाही.

भाची इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हे शिक्षण नेमकं कशाचं, हे नातेवाइकांना आजवर कळलेलं नाही. सिव्हिलवाला पूल बांधतो, मेकॅनिकलवाला यंत्र बनवतो, ही काय बनवणार, असं एका आत्यानं विचारलं होतं.

"मी काही बनवत नाही आत्या," भाची म्हणाली. "दुसऱ्यानं बनवलेलं बघते आणि विचारते, हे असं का?"

"म्हणजे सासूचंच काम," आत्या म्हणाली. "त्याला एवढी फी?"

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. एखाद्या कामाच्या जागी जायचं, काम कुठे तुंबतं ते शोधायचं, उपाय सुचवायचा आणि मालकाला तो मान्य असल्याची सही आणायची. सही नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर वर्ष बुडालं. बापाच्या कारखान्यात सही घरची, असा तिचा अंदाज. हुशार मुलींचे अंदाज इथेच फसतात.

कारण काम कुठे तुंबतं, हे पहिल्याच दुपारी दिसलं. वाट्यांपाशी ढीग नाही, पट्ट्यांपाशी नाही. मेव्हण्यांच्या टेबलासमोर मात्र पृथ्व्यांवर पृथ्व्या. मेव्हणे एकेक गोल मांडीवर घेत, सावकाश फिरवत, मध्येच एका जागी थांबत, मान हलवत आणि पुढे सरकवत. पलीकडे बहीण रिकामी खोकी उघडून वाट बघत उभी.

"मामा," भाची माझ्या कानाशी आली, "बाबा बघतात काय?"

"विचार की."

तिनं विचारलं. मेव्हणे म्हणाले, "सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. तू तुझं शीक."

मग आम्हा दोघांना त्या प्रश्नानं पछाडलं. मी खळकाकांना विचारलं. ते म्हणाले, "मालक आहेत. बघतात." बहिणीला विचारलं. "संसारात इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाही. मला काय माहीत?"

भाचीनं शेवटी कॉलेजात शिकवलेला उपाय काढला. तपासणाऱ्याला तपासायचं असेल तर मुद्दाम चुका करून रांगेत सोडायच्या आणि तो कुठल्या पकडतो ते बघायचं. खळकाका आधी तयार होईनात. आयुष्यभर सरळ लावलं, आता वाकडं लावू म्हणता? पण त्यांनाही कुतूहल होतंच. ते मान्य करायला त्यांना एक चहा लागला.

पहिल्या गोलात दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट ठेवली. समुद्राला चीर पडली होती. मेव्हण्यांनी गोल फिरवला, थांबले, मान हलवली, पास. दुसरा गोल स्टँडवर उलटा बसवला, दक्षिण ध्रुवाचं बर्फ डोक्यावर. पास. तिसऱ्यात एक पट्टी कापून खालची वर लावली, नद्या समुद्रातून निघून डोंगरावर चढत होत्या. पास. बहिणीनं तिन्ही गोल गुपचूप बाजूला काढून खोक्यांमागे ठेवले.

भाचीचा चेहरा उतरला. "मामा, हे मी लिहू कसं? बाबा काहीच बघत नाहीत, असं? आणि त्याच्याखाली त्यांचीच सही मागू?"

"नको लिहूस."

"मग कॉलेजातल्या बाईंना काय सांगू? आणि खोटं लिहायचं तर शिकले कशाला?"

मी नेहमीप्रमाणे चेष्टा केली. म्हटलं, "आता एकच राहिलं. आपणच नाही अशी पृथ्वी बनव. आपला मुलूखच काढून टाक."

चेष्टा खळकाकांनी मनावर घेतली. ब्लेडनं आमची पट्टी कापली आणि तिच्या जागी दुसऱ्या कागदावरची समुद्राची पट्टी बसवली. जिथे आम्ही सगळे राहतो तिथे निळंशार पाणी. काम असं सफाईदार की मलाच क्षणभर वाटलं, बरं झालं.

तो गोल मेव्हण्यांच्या मांडीवर आला. त्यांनी फिरवला, थांबले. पुन्हा फिरवला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"थांबा सगळे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण खळीचे ब्रश जागच्या जागी राहिले. "खोकी उघडा. बाहेर टेम्पोत चढवलेलीही उतरवा. एकूण एक."

"अहो, टेम्पोवाला ओरडेल," बहीण म्हणाली.

"ओरडू दे. परत तेच झालंय." ते स्वतःच जवळचं खोकं ओढून उघडायला लागले.

भाची पुढे झाली. "बाबा, नका उघडू. ती पट्टी मी लावायला सांगितली."

"तू?"

"तुम्ही काय बघता ते बघायचं होतं."

मेव्हण्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. खळकाका खळीत बघू लागले.

"मग दिसलं?" मेव्हण्यांनी विचारलं.

"अर्धंच दिसलं," भाची म्हणाली आणि खोक्यांमागून बाकीचे तीन गोल आणून टेबलावर ठेवले. मेव्हण्यांनी फटीतून बोट फिरवलं. डोंगरावर चढणारी नदी पाहिली.

"हे माझ्या हातून गेले?"

"मांडीवर घेऊन, फिरवून."

मग ते बोलले. कारखाना नवा असताना पट्ट्या सुट्या येत. एकदा घाईत समुद्राची पट्टी दोनदा लागली आणि आमची राहिली. गोल एका शाळेत गेला. तिथल्या मुख्याध्यापक बाई स्वतः तो घेऊन आल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, मुलं विचारतायत, आपण कुठे राहतो? काय सांगू?

"तेव्हापासून मी तेवढंच बघतो," मेव्हणे म्हणाले. "आपण आहोत ना. आहोत म्हटलं की पुढे."

"पण बाबा, आता पट्ट्या एका कागदावर जोडूनच येतात. एक राहणं शक्यच नाही. ही लावायला काकांना ब्लेड लागलं."

"कधीपासून जोडून येतात?"

"तुम्हीच तर छापखाना बदललात मालक," खळकाका म्हणाले. "त्या बाई येऊन गेल्या त्याच महिन्यात."

खोलीत कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, ते मी खोकल्यात काढलं.

मेव्हण्यांनी हात पुढे केला. भाचीनं प्रोजेक्ट दिला. त्यांनी उभ्यानंच वाचला. पट्ट्यांमधली फट पट्टी लावणाऱ्यानंच बघायची, स्टँडचा कल बघायला पुठ्ठ्याचा एक साचा कापून ठेवायचा, आणि शेवटचं टेबल काढून टाकायचं, असं त्यात होतं. काम कुठे तुंबतं, या प्रश्नाखाली तिनं जागा कोरी सोडली होती.

"हे रिकामं का?"

भाचीनं त्यांच्या टेबलाकडे बघितलं.

"लिही," मेव्हणे म्हणाले. "मालकापाशी."

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं. मेव्हण्यांनी खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि इतक्या वर्षांच्या त्या टेबलावरून हात फिरवला. जणू एखादा राजा गादी सोडतोय. आता ते काहीतरी बोलणार, आणि ते आम्हाला जन्मभर आठवणार, अशा अपेक्षेनं आम्ही सगळे श्वास धरून उभे.

तेवढ्यात दारापासून बहीण म्हणाली, "झालं ना सगळ्यांचं? मग दादा, नुसता बसलायस तर ते टेबल इकडे माझ्याकडे ओढ. उभ्यानं खोकी बांधून कंबर गेली माझी."