शिडीने उतरायचं नाही

मी एक घसरगुंडी आहे, आणि जुनी आहे हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. नागपुरात रिंग रोडच्या अलीकडे एका लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, छोट्या बागेत मी उभी असते. माझ्या एका बाजूला कडुनिंब आहे, दुसऱ्या बाजूला फाटक, आणि फाटकाबाहेर तर्री-पोह्यांचा ठेला. सकाळी तर्रीचा वास सुटला की मला भूक नसूनही बरं वाटतं.

मित्रांनो, मोठी माणसं म्हणतात की राजकारणाची गोडी कॉलेजात लागते. कोणी म्हणतं पेपर वाचून लागते, तर कोणी म्हणतं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटाला शाई लागली की लागते. मी आजवर एवढ्या पोरांना खाली सोडलं आहे, मला विचाराल तर हे सगळे अंदाज चुकलेले आहेत. एखादं पोरगं रांगेत उभं असतं, दुसरं कोणी दांडगाई करून पुढे घुसतं, आणि ते पहिलं पोरगं रडायचं सोडून 'काहून?' म्हणजे 'का?' असं विचारतं, तिथेच ती गोडी लागते. हे मी माझ्या शिडीवर कितीदा तरी पाहिलं आहे. पण एका संध्याकाळी जे पाहिलं, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

त्याआधी थोडं माझ्याविषयी. माझा जन्म नागपूरजवळच्या कन्हानच्या एका वर्कशॉपमधला. रुपराव नावाच्या वेल्डरने मला जोडलं. काम झाल्यावर त्याने स्वतःच वर चढून घसरून पाहिलं आणि पँट फाडून घेतली. मग शिव्या घालत त्याने माझ्या सगळ्या कडा घासून काढल्या. ट्रकमधून मी या बागेत आले त्या दिवशी मला हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि पोरं अशी तुटून पडली होती की सिमेंट ओलं असतानाच मी हलायला लागले. काय दिवस होते ते!

मे महिन्यात मात्र माझी पंचाईत होते. नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारी माझ्या पत्र्यावर पापड भाजून निघेल. तरी पोरं बाटलीतून पाणी आणून माझ्यावर ओततात, वाफ निघते, आणि कोणीतरी शूर वीर बसून ओरडत खाली येतो.

पोरांनी माझ्यासाठी एक कायदा केला आहे. वर चढलं की घसरायचं. शिडीने परत उतरायचं नाही. कारण सरळ आहे. एक जण माघारी फिरला तर मागच्या सगळ्यांना उतरावं लागतं, आणि उतरताना ढकलाढकली होते. ज्याला भीती वाटते त्याला खालून सगळे धीर देतात, पण सूट कोणालाच नाही. हा कायदा कोणी केला ते आता कोणालाच आठवत नाही. पोरं मोठी होऊन निघून गेली, तो मात्र नव्या पोरांकडे आपोआप येत राहिला.

मग बागेत रंगीत व्यायामाची यंत्रं आली. मोठी माणसं त्यांच्यावर झोके घेऊ लागली, आणि माझ्याकडे कोणी रंगाचा डबा घेऊन फिरकेना. खालच्या टोकाजवळ माझा पत्रा गंजला आणि त्याला भोक पडलं. पोरांनी त्यावरही उपाय शोधला. भोकाजवळ आलं की डावीकडे कलायचं. पण छोट्यांना ते जमत नसे. कोणाचा फ्रॉक फाटायचा, कोणाला खरचटायचं. मला फार वाईट वाटायचं, पण मी काय करणार?

आता नूपुरची ओळख करून देते. ती समोरच्या गल्लीत राहते आणि चौथीत शिकते. तिला प्रश्न फार पडतात. तिचे बाबा मुकुंद विम्याच्या ऑफिसात आहेत, सज्जन माणूस. पण राजकारणाचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. बाकावर बसलेले लोक निवडणुकीविषयी बोलू लागले की ते उठून चकरा मारायला लागायचे. मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळते म्हणून ते घरच्यांना घेऊन, डबा बांधून रामटेकला जायचे. "आपल्यासारख्यांचं ते काम नाही," असं ते नूपुरला सांगायचे. नूपुर विचारायची, "मग कोणाचं काम आहे?" यावर ते म्हणायचे, "गृहपाठ झाला का तुझा?"

गेल्या हिवाळ्यात महापालिकेची निवडणूक आली. एका संध्याकाळी आमच्या बागेत सभा ठरली. बोलायला येणार होते जितेंद्रभाऊ. पलीकडच्या वस्तीतले उमेदवार, दांडगे, हसरे, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुडता घालणारे. लोक जमले, माइक लागला, पण मंचाच्या फळ्या चुकून दुसऱ्याच सभेला गेल्या होत्या. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. "अरे, हे काय, उभं राहाले एक नंबर जागा आहे ना!" असं म्हणून ते माइक घेऊन माझी शिडी चढले. माझ्या पायऱ्या करकरल्या. पण खरं सांगू, मला अभिमानही वाटला. इतकी वर्षं फक्त पोरं चढत होती, आज भाषण चढलं होतं!

भाऊ रस्त्यांवर बोलले, नाल्यांवर बोलले. मग पाय आपटून म्हणाले, "आणि हा खटारा पाहून राहिले ना तुम्ही? हा उचलून देऊ भंगारात! ह्याच्या जागी सेल्फी पॉइंट करू. लाइटवाली अक्षरं! सारं नागपूर फोटो काढाले इथं येईल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर उभं राहून माझाच निकाल लावला होता, आणि मला धड थरथरताही येईना. फाटकापाशी पोह्यांची प्लेट घेऊन उभ्या असलेल्या मुकुंदरावांनीही सगळ्यांबरोबर टाळीऐवजी प्लेटवर चमचा वाजवला. नूपुरने ते पाहिलं. या बागेत दुसरी घसरगुंडी नाही, आसपासच्या बागांतही नाही. मी गेले असते तर पोरांना घसरायला काहीच उरणार नव्हतं.

ती गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या शिडीच्या खालच्या पायरीवर चढून उभी राहिली. तिच्यामागे तिच्याबरोबर रोज खेळणारा गौरांग येऊन उभा राहिला, त्याच्यामागे अजून कोणी. बघता बघता पोरांची रांग फाटकापर्यंत गेली. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. शिडीवर एक जण दिसला की रांग लावायची, हे त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

भाषण संपवून भाऊ उतरायला वळले, तर खाली नूपुर.

"बाजूले हो ना वं, उतरू दे मले," भाऊ हसून म्हणाले.

"शिडीने उतरायचं नाही काका. वर चढलं की घसरावं लागतं."

"असं काहून?"

"नियम आहे. सगळ्यांना आहे."

लोक हसू लागले. मुकुंदराव लाजेने लाल झाले. "नूपुर! काय करून राहिली तू तिथे? खाली ये आधी!"

"बाबा, माझी पाळी आहे," ती म्हणाली. मग मान वर करून तिने भाऊंना विचारलं, "आणि काका, घसरगुंडी काढायची हे तुम्ही आम्हाला विचारलं का?"

"तुमचं मतदान कुठं आहे वं अजून?" भाऊ म्हणाले. "मोठे झाले की विचारीन."

"मोठे झाल्यावर आम्ही घसरगुंडीवर कशाला बसू?"

यावर बाग अशी हसली की कडुनिंबावरची पाखरं उडाली. भाऊ स्वतःही हसले. त्यांनी कुडता सावरला, माइक कार्यकर्त्याकडे फेकला आणि बसले. पोरं एका सुरात ओरडली, "डावीकडे कला काका, डावीकडे!" पण पहिल्यांदा येणाऱ्याला ते कुठून कळणार? भाऊ सरळ आले, भोकाशी अडकले, टर्रकन आवाज झाला, आणि पांढराशुभ्र कुडता मागून फाटला. ते मातीत बसले, मागे हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "बाप्पा! हे भोक कधीपासून आहे?"

"रोज असतं," गौरांग म्हणाला.

मग जे घडलं ते पाहून मला माझ्या गंजाचा विसर पडला. मुकुंदरावांनी पोह्यांची प्लेट ठेल्यावर ठेवली आणि ते आत आले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणत्याही पुढाऱ्याला काही विचारलं नव्हतं.

"भाऊ, सेल्फी पॉइंट तुमच्याकडे मागितला कोणी?"

भाऊंनी डोकं खाजवलं. "मागितला तर कोणीच नाही जी. पण सगळीकडे होऊन राहिले, म्हणून म्हटलं."

"मग ज्यांची जागा आहे त्यांना विचारा ना. मीही पोरांना विचारलं नव्हतं. टाळी मात्र वाजवली."

भाऊ तिथेच मातीत मांडी घालून बसले आणि पोरांना म्हणाले, "बोला बा, काय पाहिजे?" पोरांनी एकच गिल्ला केला. त्यातून कळलं ते एवढंच, की पत्रा नवा पाहिजे आणि घसरगुंडी हीच पाहिजे.

निवडून कोण आलं ते मी सांगणार नाही. माझ्याकडे सगळ्या पक्षांची पोरं येतात. पण त्या वेळी मुकुंदराव रामटेकला गेले नाहीत, एवढं सांगते. आणि निवडणूक संपल्यावरही ते घरी बसले नाहीत. आश्वासनं मी पुष्कळ ऐकली आहेत, ती हवेत कशी विरतात तेही पाहिलं आहे. मुकुंदराव, नूपुर आणि शेजारच्या निवृत्त यमुताई महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊ लागले. एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवलं की आधी मुकुंदराव वैतागायचे. मग त्यांना त्यातच गंमत वाटू लागली. कोणतं काम कोणाच्या हातात असतं, पैसा कुठून येतो, नगरसेवक कधी भेटतात, हे ते बाकावर बसून इतरांना समजावू लागले. आधी चकरा मारत पळणारे मुकुंदराव आता बाकावरून उठेनात! नूपुर त्यांना घरी ओढून न्यायची, "बाबा, माझा गृहपाठ झाला, तुमचं कधी होणार?"

एका सकाळी बागेत टेम्पो आला. त्यातून गॅस कटर उतरला. माझा जीव अर्धा झाला. मला वाटलं, संपलं, विचारूनही शेवटी भंगारच. ठिणग्या उडाल्या आणि माझा पत्रा गळून पडला. पण माझी शिडी कोणी हलवली नाही. दुपारी टेम्पोतून नवाकोरा पत्रा उतरला, आणि मी अशी आनंदले की बोल्ट कसणाऱ्याच्या हातातून पाना निसटला.

संध्याकाळी सगळा लेआउट जमला. पहिला मान नूपुरचा. ती वर चढली, बसली, सुटली, आणि मधेच थांबली. पुढे सरकेचना. हातांनी ढकलत ढकलत ती कशीबशी खाली आली. "बाबा, ही नवीन घसरतच नाही!"

मुकुंदराव छाती काढून म्हणाले, "सोमवारी झोन ऑफिसात जाऊन विचारू."

यमुताई हसत सुटल्या. "अहो मुकुंदराव, पत्रा त्यांनी द्यायचा. गुळगुळीत तो कोणी करायचा? जुना काय ऑफिसने गुळगुळीत केला होता?"

पोरांना लगेच कळलं. रांग लागली. एकामागून एक पोरगं चढलं, अडकलं, ढकलत खाली आलं आणि पुन्हा रांगेत धावलं. अंधार पडेपर्यंत ते चालू होतं.

मित्रांनो, तुमच्याही बागेत माझी एखादी बहीण असेल. तिचा पत्रा फाटला असेल तर गप्प बसू नका. ज्याचं काम आहे त्याला जाऊन विचारा, आणि तो सांगेल ते समजेपर्यंत विचारत राहा. नवा पत्रा आला की मग तक्रार करायची नाही. या, बसा आणि घसरा. माझा पत्रा अजून अर्धाच गुळगुळीत झाला आहे, आणि रांगेत जागा आहे.